हौश्याचा खांदा

तलवाड्याच्या शाळेवर माझी बदली झाली आणि राहायला जागा बघत मी नानांच्या दारात जाऊन उभा राहिलो. नाना म्हणजे पुढे माझे घरमालक झाले ते. वय सत्तरीच्या पुढे, अंगावर धोतर-बंडी, डोक्याला टॉवेल आणि कानात कापसाचा बोळा. तोही एकाच कानात, डाव्या. आवारातली पत्र्याची खोली त्यांनी दाखवली, पण भाड्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. माझ्या मोटारसायकलकडे बोट करून विचारलं, "ही सकाळी कवा चालू करता?"

"सातच्या सुमाराला. शाळा असते ना."

"मंग जमलं. हौश्याच्या आदी चालू करायची न्हाई. त्याला खपत न्हाई."

हौश्या म्हणजे घरातला एखादा रागीट मुलगा असेल, असं मी धरून चाललो. गरजवंत माणूस कशालाही हो म्हणतो, तसं मीही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यातून असा काही धडधडाट सुरू झाला की पत्र्यावरची चिमणी उडाली आणि मी टॉवेलवरच बाहेर आलो. गोठ्यात दोन म्हशींच्या शेजारी, दावणीला, एक जुनापुराणा ट्रॅक्टर उभा होता. गोल नाकाचा, लोखंडी बैठकीवर पोत्याची घडी टाकलेला. नाना उजवा कान त्याच्या बोनेटला लावून डोळे मिटून उभे होते. डाव्या कानातल्या बोळ्याचा उलगडा मला तेव्हा झाला. पुढे मी विचारलं तर ते म्हणाले, "डावा कान मानसांचा हाय. त्येला जरा इसावा."

त्या ट्रॅक्टरला पुढच्या बाजूने दावं लावलेलं होतं आणि दावं खुंट्याला बांधलेलं होतं. चाकाला दगड लावलेला, तरी दावं. मी मास्तर माणूस, मला विचारल्याशिवाय राहवेना. "नाना, हा काय पळून जाणार आहे का?"

"आज न्हाई जायचा," नाना म्हणाले. "पर सुटं ठिवलं की जनावर हिंडाया शिकतं."

यामागची हकीकत मला शेजाऱ्यांकडून कळली. तरुणपणी नानांकडे हौश्या आणि पवळ्या अशी बैलजोडी होती. हौश्याला नांगरटीत पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि तो तिथंच गेला. पवळ्याच्या जोडीला दुसरा बैल आणायचा म्हटलं तर नानांचं मन घेईना. मग ते बीडला गेले आणि ट्रॅक्टर घेऊन आले. आणला तो थेट गोठ्यात नेला आणि हौश्याच्या खुंट्याला बांधला. नावही तेच ठेवलं. पवळ्या म्हातारा होऊन मरेपर्यंत त्याच्या शेजारी बांधलेला असायचा. गावाने हसून घेतलं, आणि मग गावालाही सवय झाली. मी गेलो तेव्हा तर टपरीवरची पोरंसुद्धा "हौश्या कुठवर आला?" असंच विचारायची.

नाव ठेवलं इथवर ठीक होतं, पण नानांनी नियमही सगळे बैलाचेच लावले होते. सोमवारी महादेवाचा वार म्हणून बैल जुंपत नाहीत, तर सोमवारी ट्रॅक्टरलाही सुट्टी. एकदा ऐन पेरणीचा वापसा, म्हणजे जमिनीत हवी तेवढीच ओल, सोमवारी आला. नानांच्या मुलाने, त्याला गावात सगळे दादा म्हणत, आधी समजावलं, मग डोकं आपटायचं तेवढं आपटलं आणि शेवटी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर सांगून आणला. तो परका ट्रॅक्टर यांच्या रानात पेरत होता आणि घरचा दावणीला बांधलेला. नाना त्याच्याजवळ बसून रेडिएटरमध्ये तांब्याने पाणी ओतत होते. "पी बाबा," म्हणत होते.

त्यांचं आणखी एक बोलणं होतं. घाई करणाऱ्या कुणालाही ते म्हणायचे, "वाळू दे की." एसटीत चढायला रेटारेटी करणाऱ्यांना, बँकेत खिडकीशी हात घालणाऱ्यांना, गॅसवर चहा उकळायच्या आत कप पुढे करणाऱ्या मला. काय वाळू दे, ते कुणालाच माहीत नव्हतं. मला वाटायचं, इकडची बोलायची रीत असेल. मी वर्गातसुद्धा पोरांना एकदोनदा "वाळू दे की" म्हणालो, तर पोरं खदाखदा हसली. "सर नाना झाले बे," असं मागच्या बाकावरून ऐकूही आलं.

हे असंच चालू राहिलं असतं. पण एका उसाच्या हंगामात दादा ट्रॉली घेऊन हायवेला लागला आणि पोलिसांनी अडवलं. कागद बघितले तर हौश्याची नोंदणी कधीचीच संपलेली. मध्ये कुणी नूतनीकरण केलंच नव्हतं. रानातल्या रानात फिरायला कोण कागद मागतंय? दादा संध्याकाळी घरी आला तो तापलेलाच. मी ओसरीवर वह्या तपासत होतो, त्यामुळे सगळं माझ्यासमोरच झालं.

"नाना, आता बास. शोरूमवाला जुना घेऊन नवा देतो मनतोय. ह्यो देऊन टाकू."

"त्यो ह्याचं काय करंल?"

"काय करंल? भंगारात घालंल."

नानांनी गोठ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "पवळ्याला म्या बाजार दावला न्हाई. ह्येला कावून दावू?"

दादा वाईट माणूस नव्हता. शेत तोच करायचा, आणि रस्त्यावर नेता येत नाही असल्या ट्रॅक्टरचं त्याने काय करायचं होतं? बापलेकांत तोड निघाली ती अशी. पुढच्या महिन्यात गेवराईला आरटीओचा कॅम्प होता. तिथे हौश्या तपासणीत पास झाला तर घरात राहील. नाही झाला तर दादा त्याला शोरूमला नेऊन सोडेल आणि नानांनी आडवं यायचं नाही. नानांनी मान डोलावली. त्या रात्री ते जेवले नाहीत, हे मला सुनबाईंकडून कळलं.

हौश्या धूर ओकायचा, दिव्यांच्या जागी नुसती भोकं, ब्रेक असला तर असला. उमापूरचा एक मिस्त्री फटफटीवर हत्यारांची पेटी बांधून यायला लागला. जाडजूड, तोंडात कायम मावा, कामाला चोख. त्याने इंजिन उघडलं, रिंगा बदलल्या, नोझल काढून बीडहून तपासून आणले. तिथवर नाना शहाण्यासारखे वागले. दिव्यांवर अडलं.

"ह्येला दिवे काहाला? ह्यो दिसाचा गडी हाय. दिस मावळला की म्या कवा जुंपला न्हाई."

"नाना, दिवे नसले तर साहेब पास करीत नसतो."

"मूळचे दिवे गेले कुठं पण?" मी विचारलं. तर ते नानांनीच काढून गणपतीच्या आराशीला दिले होते, कधीतरी, आणि मंडळाने ते परत केले नव्हते. मिस्त्रीने कपाळावर हात मारला आणि नवे दिवे आणून बसवले. हॉर्नच्या वेळीही तेच. "आवाज हाय की त्याला," असं नानांचं म्हणणं. पण एकदा हॉर्न बसला आणि पोरं तो वाजवायला रांग लावायला लागली तेव्हा नानाच दिवसातून एकदोनदा उगीच वाजवून बघू लागले.

ऑनलाइन अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं. त्यात चेसिस नंबर लागतो, तो जुन्या आरसी बुकात होता. पण कॅम्पात साहेब गाडीवर ठोकलेला नंबर स्वतः बघतात, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि बुकाशी ताडून बघतात. तो जुळला नाही, किंवा दिसलाच नाही, तर गाडी चोरीची म्हणून लांबड लागते. मिस्त्रीला मी विचारलं, "नंबर कुठे असतो याचा?"

"हितं. डाव्या अंगाला, इंजिनाच्या मागं." असं म्हणत तो वाकला, आणि तसाच वाकलेला राहिला. मग नानांकडे बघून म्हणाला, "नाना, हे काय करून ठिवलंय?"

इथे पोळ्याचं सांगायला हवं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते. जू घेऊन घेऊन दुखावलेल्या खांद्याला हळद आणि लोणी चोळायचं असतं. हौश्या घरात आला त्या वर्षीच नानांनी ठरवलं की ट्रॅक्टरचा खांदा म्हणजे इंजिनामागचा तो डावा भाग, कारण 'सगळा जोर हितनंच मागं जातो'. तेव्हापासून दर पोळ्याला तिथे हळद-लोणी चोळलं जाई. आणि दुसऱ्या दिवशी सजावट म्हणून त्याच लोण्यावर ऑइलपेंटचा हात. दर वर्षी नवा रंग. लोण्यावर रंग धरत नाही, हे त्यांना गावातल्या पेंटरने सांगितलं होतं, पण पेंटरचं ऐकतील ते नाना कसले. लोणी, हळद, रंग, त्यावर वर्षभराची धूळ आणि डिझेल, पुन्हा लोणी, पुन्हा रंग. असे किती पोळे गेले असतील, देव जाणे. भाकरीएवढा जाड पापुद्रा धरला होता, आणि हौश्याचा नंबर त्याच्या तळाशी होता.

मिस्त्री म्हणाला, ग्राइंडर लावतो, चुटकीसरशी साफ. नाना आडवे आले. ग्राइंडर अंमळ खोल गेला आणि नंबरच पुसला तर? यात मात्र त्यांचं बरोबर होतं. मग मिस्त्रीने थिनर लावलं. वरचा रंग तेवढा विरघळला आणि खालच्या लोण्यात मिसळून त्याचा असा काही चिकट रबडा झाला की मिस्त्रीचा ब्रशच त्यात रुतला. कॅम्प परवावर आलेला. दादा बाजूला उभा होता, आणि मनातून तो शोरूमच्या वाटेला लागलाय हे दिसत होतं.

नाना उठले आणि घरात गेले. येताना सुनबाईंना चुलीवर पाण्याचा हंडा ठेवायला सांगून आले.

"पाणी कशाला?" मी विचारलं.

"खांदा सुजला की शेकत्यात," ते म्हणाले.

गरम पाण्यात गोणपाट बुडवायचं, पिळायचं आणि खांद्यावर दाबून धरायचं, असं त्यांनी सुरू केलं. मिस्त्री माझ्याकडे बघून डोळा मिचकावत होता. यातून काही होईल असं खुद्द नानांना तरी वाटत होतं का, मला शंका आहे. हातपाय हलवल्याशिवाय त्यांना बसवत नव्हतं, एवढंच. पण आतलं जुनं लोणी उबेने सैलावलं. दुपारनंतर वरचा थर कडेने सुटला आणि नानांनी खुरप्याच्या टोकाने उचलला तसा तो आख्खाच्या आख्खा निघाला. त्याखाली निळा थर. पुन्हा शेकलं. निळ्याखाली पांढरा. मिस्त्रीने मावा थुंकला आणि तोही गोणपाट पिळायला बसला. आता आम्हाला चेव आला होता. एकेक पोळा निघत होता आणि नाना सांगत होते, "ह्यो लाल, दादाच्या पोराच्या सालचा. ह्यो दुष्काळातला, रंग उधारी आणलेला न्हाई, उरलेला हाय."

मग एक हिरवा थर उघडा पडला आणि नानांचं खुरपं थांबलं.

हिरव्या थराच्या वरच्या कोपऱ्यात बोटाचा ठसा होता. ओल्या रंगाला कुणी बोट लावावं तसा, स्पष्ट, बारीक बोटाचा. नानांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. त्यांनी त्या थराची एक कड अगदी हलकेच उचलून खाली बघितलं. खालच्या पिवळ्या थरावरही, त्याच कोपऱ्यात, तसाच ठसा.

दादा पुढे आला. वाकून बघितलं. "आईचं बोट," तो म्हणाला.

नानांची बायको मी जायच्या बऱ्याच आधी वारली होती. बैठकीत तिचा फोटो होता, हार घातलेला, तेवढीच माझी ओळख. नाना गोणपाट हातात धरून बसले होते आणि त्यातलं पाणी त्यांच्या धोतरावर गळत होतं.

"दरसाली," ते म्हणाले. "म्या रंग देऊन ब्रश ठिवला की ही पूजेचं ताट घेऊन यायची. आन् पह्यलं बोट लावायची. वाळलंय का बघती मनायची. म्या वरडायचो, वाळू दे की गं. आन् ही हसायची. वरडलो की जास्तच हसायची."

मी दोन वर्षं ऐकत होतो ते वाक्य. मिस्त्री उठून उगीच हत्यारं पुसायला गेला.

वरच्या थरांवर ठसे नव्हते, कारण ते ती गेल्यानंतरचे होते. आता इथून खाली, थेट लोखंडापर्यंत, प्रत्येक थरावर तिचं बोट असणार होतं. आणि नंबर त्या सगळ्याच्या खाली होता.

सगळ्यात आधी दादाच बोलला. ज्याला हौश्या घरातून घालवायचा होता तोच. "नाना, ऱ्हाऊ द्या. नका काढू. ऱ्हाऊ द्या हितंच बांधून. म्या न्हाई नेत त्याला शोरूमला."

मला हायसं वाटलं. पण नानांनी मान हलवली.

"बांधून काय करू? रस्त्याला जाता येत न्हाई, रानातबी तू नवाच घालशील. मंग ह्यो नुसता हुबा ऱ्हाऊन गंजायचा. हौश्या कामाचा गडी हाय. बघायला ठिवायचा न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "आन् ही असती तर तिनंच पह्यलं उचकटलं असतं. बसून ऱ्हायलेलं मानूस तिला बघवत नव्हतं."

"थरं जपून ठिवू का मंग?" दादाने विचारलं.

"बघ. निघाले तर निघाले."

दादाने गोणपाट हातात घेतलं आणि शेकायला लागला. खुरपं नानांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. हिरवा थर त्यांनी उचलला तो मधेच तडकला, ठसा दोन तुकड्यांत गेला. पिवळ्याचा चुराच झाला. एवढा वेळ आख्खे निघणारे थर नेमके आता, जुने आणि कडक, हातात तुटत होते. दरवेळी नाना कोपऱ्यातला ठसा आधी बघून घ्यायचे, त्यावर आपलं बोट एकदा ठेवायचे आणि मग खुरपं लावायचे. फार कठीण होतं ते बघणं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं. सुनबाई दारात उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या.

शेवटचा थर निघाला तेव्हा दिवस मावळायला आला होता. खाली लोखंडावर आकडे होते. लोण्याखाली राहून राहून गंजाचा ठिपका नाही, काल ठोकल्यासारखे. मिस्त्रीने वाचले, मी बुकाशी ताडून बघितले. जुळले.

कॅम्पात तपासणीला एक मॅडम होत्या, तरुण आणि कडक. त्यांनी दिवे लावून बघितले, ब्रेक दाबायला लावले, हॉर्न वाजवायला सांगितला. हॉर्न नानांनी जरा लांबवूनच वाजवला. मग त्या खांद्यापाशी वाकल्या, कागद धरला आणि पेन्सिल घासली. आकडे कागदावर उमटले तसं त्यांनी वर बघितलं.

"आजोबा, एवढ्या जुन्या गाडीचा नंबर इतका चांगला? काय लावता?"

"लोनी," नाना म्हणाले.

मॅडमना ती चेष्टा वाटली. त्या हसल्या आणि शेरा लिहून पुढच्या गाडीकडे गेल्या. परत येताना ट्रॅक्टर दादाने चालवला. मडगार्डवर बसलेले नाना एरवी "हं, दमानं, दमानं" करत असत, त्या दिवशी नुसते रस्ता बघत बसले होते. गोठ्यात आल्यावर दादाने उतरून हौश्याला दावं लावलं. त्याने ते लावलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता मी पाटोद्याला असतो. दादाचा अधूनमधून फोन येतो. त्याने नवा ट्रॅक्टर पुढे घेतलाच, पण हौश्या अजून ट्रॉली ओढतो, सोमवार सोडून. मात्र नाना म्हटलं की मला आठवतो तो त्या कॅम्पानंतरचा पोळा. तेव्हा मी अजून त्यांच्या खोलीतच होतो.

आदल्या दिवशी त्यांनी खांदा मळला होता. पोळ्याच्या सकाळी दादाने नंबरवर चिकटपट्टी लावून दिली, म्हणजे तेवढी जागा सोडून रंग देता येईल. एवढी एक सुधारणा नानांनी मान्य केली होती. त्या वर्षीचा रंग केशरी होता. त्यांनी पट्टीच्या भोवतीने सावकाश रंग दिला, ब्रश डब्यात ठेवला आणि कमरेला हात लावून उभे राहिले. सुनबाई पूजेचं ताट घेऊन अजून घरातून यायच्या होत्या. मी ओसरीवर होतो आणि नानांना मी दिसत नव्हतो.

त्यांनी एकदा मागे घराच्या दाराकडे बघितलं. मग पुढे होऊन वरच्या कोपऱ्यात, ओल्या रंगाला हलकेच बोट लावलं. बोट डोळ्यांपुढे धरून बघितलं. आणि एसटीत, बँकेत, माझ्या खोलीत हजार वेळा ऐकलेल्या त्याच वरच्या आवाजात स्वतःवरच ओरडले, "वाळू दे की गं!"

आणि हसले.